गल्लीपेक्षा मोठी दुकानं

इन्शिराहच्या पोटात सकाळपासून गोळा आला होता. तो चहाने जात नव्हता, बडीशेपेने जात नव्हता, आणि अल्लाचं नाव घेऊनही जागचा हलत नव्हता. आज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर चिठ्ठ्या निघायच्या होत्या. दर्ब अस्सब्बागा गल्लीतली चौदा दुकानं गेल्या वर्षी पाडली होती. त्या जागेवर सात मजली इमारत उभी राहायची होती आणि चौदाही जणांना तिच्यात दुकान मिळायचं होतं. नऊ जणांना रस्त्याला लागून, पाच जणांना तळघरात. वर कोण आणि खाली कोण, हे पत्र्याच्या डब्यात हात घालून ठरणार होतं.

आता तळघरात उतरून बटण कोण घेतं, सांगा. इन्शिराहचा धंदा बटणांचा, चेनींचा, दोऱ्याच्या रिळांचा. बाई भाजी घेऊन घरी निघालेली असते, इन्शिराह दिसते, आणि मग तिला आठवतं की नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलंय. इन्शिराह दिसली नाही तर बटणही आठवत नाही, नवरा गेला तसाच उघड्या गळ्याने कामावर. सत्तावीस वर्षं हा धंदा नुसत्या दिसण्यावर चालला होता. वर जागा मिळाली तर ती स्वतःचं मिळवून खाणार होती. खाली मिळाली तर कुवेतला गेलेल्या मुलाच्या, नाजीच्या, बायकोच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचं आणि तिच्या तोंडाकडे बघत जेवायचं. 

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण हे तळघर इमारतीला आलं कुठून, ते तिला ठाऊक होतं. गल्लीतल्या चौदाही जणांना ठाऊक होतं. ते त्यांच्या खोटेपणाने खणलं होतं.

झालं होतं असं. मोजणीच्या आधी गल्लीत एक बातमी फिरली. कुणी आणली ते आजतागायत कळलेलं नाही. सगळे म्हणतात न्हाव्याने आणली, न्हावी म्हणतो मला गिऱ्हाइकाने सांगितली, आणि गिऱ्हाईक कोण ते त्याला आठवत नाही. बातमी अशी, की बारा चौरस मीटरपेक्षा लहान दुकानाला नव्या इमारतीत जागा नाही. हातावर काहीतरी टेकवून बोळवण. झालं, सगळ्या गल्लीचं धाबं दणाणलं. इन्शिराहचं दुकान तर जिन्याखालचं: एक मीटर दहा रुंद, एक मीटर साठ खोल. दोन चौरस मीटरही धड नाही. ती रडतच हाजी मितवल्लीकडे गेली होती.

हाजी मितवल्ली अॅल्युमिनियमची भांडी विकायचा. वय त्र्याहत्तर, गल्लीतला सगळ्यात वडीलधारा माणूस. भांडण मिटवायचं असो, मुलगी द्यायची असो, पहिला शब्द हाजीचा. गल्लीत खऱ्या अर्थाने बारा मीटरचं दुकान एकट्या त्याचं होतं, कारण त्याच्या दुकानामागे बोळासारखं एक लांबलचक कोठार होतं आणि ते सगळ्या दुकानांच्या पाठीमागून जात होतं. मध्ये फक्त फळ्या. "रडतेस काय, उम्म नाजी?" तो म्हणाला होता. गल्लीत तिला असंच म्हणत, नाजीची आई. "मोजणारे आले की तुझ्यामागची फळी काढू. माझी भांडी बाहेर, तुझी बटणं आत. तुझ्या दुकानाला मागे कोठार आहे, झालं! कोठार काय मोजल्याने झिजतं?"

हे तिच्यापुरतंच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण दुसऱ्या दिवशी घड्याळवाला शनूदा हाजीकडे गेला, मग चप्पलवाला, मग मसालेवाला. हाजीला नाही म्हणता येत नाही, तीच त्याची खोड. मोजणी दोन दिवस चालली. मोजणारे चहाला बसले की फळ्या हलायच्या. हाजीच्या मुलीने त्या दोन दिवसांत त्यांना इतका चहा पाजला की बिचाऱ्यांना टेप धरणं अवघड झालं. एकच कोठार चौदा वेळा मोजलं गेलं. गल्लीने अक्कल गहाण ठेवली होती, पण एकदिलाने ठेवली होती.

मग नकाशा आला. चौदा दुकानं, प्रत्येक बारा मीटरचं. रस्त्याला लागून तेवढी मावेनात, म्हणून पाच तळघरात. आणि भाडं मीटरवर. लोक त्या नकाशापुढे उभे राहिले आणि कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना.

आज सकाळी इमारतीच्या इंजिनियरबाईने सगळ्यांना मोकळ्या जागेवर बोलावलं होतं. तिचं नाव शहीरा. पस्तिशीची, उन्हाने सोललेल्या नाकाची, पायात मुलांसारखे कापडी बूट. तिने जमिनीवर चुन्याच्या भुकटीने नऊ दुकानं खऱ्या मापाने आखली होती. भिंती चुन्याच्या, दारं चुन्याची. एका बाजूला पायाचा खड्डा खणून तयार होता. त्यावर तिने निळं प्लास्टिक ताणलं होतं, आत बल्ब सोडला होता आणि फळ्यांच्या पायऱ्या केल्या होत्या. ते तळघर.

"कागदावर बघून सगळे मान हलवतात," ती म्हणाली होती. "आपापला माल घेऊन या. दुपारपर्यंत इथे धंदा करा. हात कुठे पोचत नाही, गिऱ्हाईक कुठे अडतं, ते मला दाखवा."

म्हणून इन्शिराह आता चुन्याच्या एका मोठ्या चौकोनात स्टुलावर बसली होती. बटणांची खोकी एका कोपऱ्यात, चेनी दुसऱ्या कोपऱ्यात, कारण मध्ये जागाच इतकी होती की ती भरायची कशाने हा प्रश्न. जिन्याखाली तिला सगळं बसल्या जागी हाताला लागायचं. उजव्या हाताला काळी-पांढरी बटणं, डाव्या हाताला रंगीत, डोक्यावर लटकणाऱ्या चेनी, गुडघ्याशी रिळं. प्रत्येक खोक्यावर त्याच्यातलं एक बटण शिवलेलं. गिऱ्हाईक फळीवर कोपर टेकून उभं राही आणि ती न उठता दहा जणींना वाटेला लावी. इथे ती अर्ध्या तासात अकरा वेळा उठली.

"उम्म नाजी, तुझा तर महाल झाला गं!" भाजीची पिशवी घेतलेली एक ओळखीची बाई चुन्याच्या दारात येऊन थबकली. आत यावं की नाही तिला कळेना. "मध्ये नाचायला जागा ठेवलीस का?"

"नाच तू, मी टाळ्या वाजवते. काय हवंय?"

"काळं बटण. चार भोकांचं."

इन्शिराह उठली, चार पावलं गेली, वाकली, खोकं काढलं, चार पावलं परत आली. बाई हसायला लागली. "बटण आणलंस की हज करून आलीस?"

इन्शिराहही हसली, पण तिचा जीव घाबरा झाला होता. वरचं दुकान मिळालं तरी हे असं. एवढ्या जागेचं भाडं भरायला बटणं विकून चालणार नाही, बटणांबरोबर स्वतःलाही विकावं लागेल. आणि हे तर नशीब उघडलं तर. नाही उघडलं तर तो खड्डा.

खड्ड्यातून तेवढ्यात शनूदा वर आला. घड्याळं दुरुस्त करणारा बारीक, टापटीप माणूस, खिशाला नेहमी भिंग अडकवलेलं. त्याने खाली जाऊन तासभर काम करून पाहिलं होतं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"थंड आहे. स्वच्छ आहे." तो तिच्या चौकोनाच्या कडेला उकिडवा बसला. "पुरलेल्या माणसाला तक्रारीला काही जागा नाही."

"असं अभद्र बोलू नकोस रे!"

"बल्बाच्या उजेडात केसाएवढा स्क्रू दिसत नाही, इन्शिराह. खिडकीजवळ बसून मी चाळीस वर्षं केलं ते. आणि खाली वरचं काहीच ऐकू येत नाही. अजान झाली, मला कळली नाही. आमच्या चर्चची घंटाही कळणार नाही." त्याने हात पुढे धरले. ते थरथरत होते. "हे असे हात घेऊन मी कुणाचं घड्याळ उघडू?"

त्या हातांकडे बघताना तिला पहिल्यांदा वाटलं की सांगून टाकावं. खरं काय ते त्या इंजिनियरबाईला सांगून टाकावं. आणि ते वाटताक्षणी तिला मोजणीचा कागद आठवला. सरकारी कागदावर सही करून खोटं लिहून दिलं होतं तिने. ज्यांनी ज्यांनी असं दिलं त्यांना आत टाकतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

हाजी मितवल्ली पलीकडच्या चौकोनात पातेली रचत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि म्हातारा काय ते समजला. काठी टेकत आला.

"उम्म नाजी, तुझं तोंड मला ठीक दिसत नाही."

"झोप नाही झाली, हाजी."

"कुणाची झालीय?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "ऐक. चौदा घरं आहेत. एकाच्या तोंडातून शब्द सुटला तर चौदाही घरं जातील. मोजणी रद्द, दुकानं रद्द, वर चौकशी. तळघर म्हणजे काही कबर नाही."

"शनूदा म्हणतो कबरच आहे."

"शनूदाला सावलीचीही भीती वाटते. चिठ्ठी अल्लाच्या हातात आहे. तोंड बंद ठेव, बेटा."

बेटा म्हणाला, आणि तिला आणखीच वाईट वाटलं. हाजीने कोठार दिलं ते सगळ्यांत आधी तिच्यासाठी. त्याचं स्वतःचं माप खरं होतं, त्याला खोट्याची गरजच नव्हती. आता ती बोलली तर पहिली मान त्याची जाणार होती. उपकाराची फेड अशी करायची?

दुपारची जोहरची नमाज झाली, लोक फूल-तामियाचे, उसळ-वडे भरलेले पाव खायला सावलीत बसले. इन्शिराहने आपला पाव उघडलाच नाही. वाऱ्याने चुन्याच्या रेघा पुसट होत होत्या आणि शहीरा एकटीच डबा घेऊन त्या परत ओढत होती. इन्शिराह उठली. आपण कशाला उठलो हे तिला चार पावलं गेल्यावर कळलं, आणि तेव्हा परत फिरणं जमलं नाही.

"इंजिनियरबाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना, मावशी."

"लहान दुकान मिळतच नाही का? अगदी लहान?"

शहीराने डबा खाली ठेवला. "किती लहान?"

"म्हणजे... बारा मीटरच्या आतल्याला काढून टाकतात ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगळे म्हणतात."

"असा नियम नाही, मावशी. कधीच नव्हता. जुनं जेवढं, नवं तेवढं. एवढंच लिहिलंय."

इन्शिराहला वाटलं जमीन हलली. सव्वा वर्षाची भीती, फळ्या, चहा, चौदा जणांचं खोटं, आणि ज्या नियमापायी हे केलं तो नियमच नव्हता. कुणी जाऊन वाचलं नाही. कचेरीत जाऊन विचारायचीही सगळ्यांना भीती वाटली होती.

"बसा," शहीरा म्हणाली. टेबलावरची एक फाइल तिने उघडली. फाइलीत चौदा फोटो होते, मोजणीच्या वेळी काढलेले. प्रत्येक दुकानाचं कोठार. कुठे चपला, कुठे मसाल्याची पोती, कुठे बटणांची खोकी. आणि चौदाही फोटोंत मागच्या भिंतीवर ओलीचा एकच डाग, बुटाच्या आकाराचा.

इन्शिराहची बोबडी वळली. "तु... तुम्हाला माहीत होतं?"

"चार महिने बेरीज करतेय मी. सगळी दुकानं मिळून गल्लीपेक्षा मोठी भरतात. आधी वाटलं माझंच चुकतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"मला भीती वाटली, मावशी." ती इतक्या सरळपणे म्हणाली की इन्शिराह बघतच राहिली. "मी बोलले तर ती चौकशी होते. चौकशी झाली की पोलीस येतात, मोजणी रद्द होते, आणि ही जागा एखाद्या मोठ्या दुकानवाल्याला जाते. त्यांचे लोक रोज फेऱ्या मारतात दुकानं वाटणाऱ्या समितीत. पण तुमच्यापैकी कुणी स्वतः येऊन म्हणालं की माझं माप चुकलं, दुरुस्त करा, तर ती नुसती दुरुस्ती. त्याचा साधा फॉर्म आहे. त्यात गुन्हा नाही. मी चार महिने वाट बघतेय की कुणीतरी येईल. आज हे चुन्याचं सगळं केलं ते तेवढ्यासाठीच."

मग तिने फाइलीच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर चौदा दुकानं होती, सगळी रस्त्याला लागून. रुंद थोडी, बहुतेक अरुंद. भिंतीत कपाट असावं तशी उथळ दुकानं, दिवसा खाली पडून फळी होईल आणि बंद करताना वर जाऊन दार होईल अशी झडप, सगळ्यांत मिळून मागे एकच कोठार. एका टोकाला अगदी चिमुकला चौकोन.

"हे तुमचं. अंदाजाने काढलं. एक मीटर वीस."

"एक दहा होतं," इन्शिराह म्हणाली आणि तिला रडू आलं. "जिन्याखालचं होतं, बाई. ते दुकान तरी म्हणायचं का?"

"शटर होतं? पाटी होती?"

"होती."

"मग दुकान."

इन्शिराहने पदराने डोळे पुसावेत तसे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसले. "काय करायचं मग?"

"सह्या. पण एक लक्षात ठेवा. ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं माप कायम. त्यानंतर कुणी बदल मागितला तर ती फसवणूक धरतात. जे काही आहे ते चिठ्ठीच्या आधी. आणि..." ती थांबली. "एकटीच्या सहीने तळघर बुजणार नाही. तुमचं माप कमी झालं तर तुमचं नाव सोडतीतून निघेल आणि लहान दुकान मंजूर होईपर्यंत तुम्ही कोणत्याच यादीत नसाल. सगळ्यांनी सही केली तर हा नकाशा."

असरला दीड तास होता. इन्शिराह आधी हाजीकडे गेली, कारण गल्लीत पहिल्यांदा हाजीकडेच जातात. तिने एका दमात सगळं सांगितलं. म्हातारा पातेलं हातात धरून ऐकत राहिला.

"नियमच नव्हता?" त्याने विचारलं.

"नव्हता, हाजी."

"आणि फोटो आहेत तिच्याकडे."

"आहेत. पण ती आपल्या बाजूची आहे. सही केली की नुसती दुरुस्ती."

"बाई तसं म्हणते. बाई इंजिनियर आहे, न्यायाधीश नाही." त्याचा आवाज कापला. इन्शिराहने त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "तुम्ही सगळे म्हणाल माप चुकलं. ठीक. मग ते विचारतील कोठार कुणाचं? माझं. फळ्या कुणी काढल्या? मी. तुम्ही सुटाल, उम्म नाजी. मी सुटणार नाही. त्र्याहत्तर वर्षांचा झालोय. मला तुरुंगात मरायचं नाही."

"पण सोडतीत तुमचंही नाव आहे ना! तुमचं माप खरं, तुम्हाला तर हवंच आहे वरचं दुकान."

"अल्ला देईल ते. मी गल्लीला शब्द दिलाय की कुणी बोलणार नाही. तू सही केलीस तर तुझं तू बघ."

हाजी नाही म्हणाला म्हटल्यावर बाकीचे कुठून हो म्हणणार? शनूदा म्हणाला, "हाजी करेल तर मी करतो." मसालेवाल्याने विचारलं, "तुला काय आमची घरं बुडवायचीत?" चप्पलवाल्याची बायको तर म्हणाली, "स्वतःला लहान दुकान हवं म्हणून सगळ्यांना लहान करायला निघालीय!" इन्शिराह परत आली तेव्हा तिच्या मागे कुणी नव्हतं. तिने फॉर्मवर सही केली.  शहीराने यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली.

आता ती कुठेच नव्हती. वर नाही, खाली नाही. अशी भीती तिला जन्मात वाटली नव्हती, अगदी नवरा गेला तेव्हाही नाही. तेव्हा निदान दुकान होतं.

असर झाली. समितीचा कारकून आला, सफारी शर्टातला जाडा माणूस, बगलेत वही. डबा टेबलावर ठेवला. लोक चुन्याच्या भिंती ओलांडून गोल करून उभे राहिले. 

"चला, पहिलं कोण?" कारकुनाने विचारलं.

विचारायची गरजच नव्हती. लग्नाचं ताट असो की मयतीचा खांदा, या गल्लीत पहिला हात वडीलधाऱ्याचा. लोक बाजूला झाले आणि हाजी मितवल्लीला वाट करून दिली. इन्शिराहच्या मनात आलं की ओरडावं, हाजी, थांबा, निघालेली चिठ्ठी फिरत नाही, तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. पण असं कुणी ओरडतं का? वडीलधाऱ्याला मागे व्हा म्हणायचं? 

हाजीने बिस्मिल्ला म्हणून डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली आणि स्वतः न बघता कारकुनाला दिली.

"तळघर," कारकून म्हणाला. "दुकान क्रमांक तीन." आणि वहीत लिहिलं.

गर्दीतून एक हुंकार निघाला आणि थांबला. हाजी तसाच उभा होता. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, निळ्या प्लास्टिककडे, आतल्या पिवळ्या उजेडाकडे. मग वळून त्याने एकेकाचे चेहरे पाहिले. शनूदा पुढचा होता. त्याचा हात डब्याकडे निघालेला, आणि तो पानासारखा थरथरत होता.

"शनूदा," हाजी म्हणाला. "हात घालू नकोस."

"हाजी?"

"कुणी हात घालू नका." तो मोठ्याने बोलायला लागला, तोच आवाज, ज्याने तो भांडणं मिटवायचा. "कारकूनसाहेब, या लोकांची मापं खोटी आहेत. कोठार माझं होतं. फळ्या मी काढल्या, तेरा वेळा. यांना मी सांगितलं, माझं ऐकून यांनी केलं. जे काही असेल ते माझ्या नावावर लिहा."

कारकुनाने पेन थांबवलं. "हाजी, काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. लिहा." आणि मग गर्दीकडे वळून चिडून, "बघत काय बसलात, गाढवांनो? तिकडे जा! उम्म नाजी उभी आहे तिथे जा आणि सह्या करा. तुमच्या चिठ्ठ्या निघालेल्या नाहीत अजून!"

 मग शनूदा पळाला, अक्षरशः पळाला, आणि त्याच्या मागे सगळे. टेबलाशी रेटारेटी झाली. शहीरा फॉर्म देत होती, लोक एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या करत होते. चप्पलवाल्याची बायको इन्शिराहचा हात धरून रडत होती. बारा सह्या झाल्या. इन्शिराहची धरून तेरा.

"साहेब, आता तळघराची गरजच नाही," शहीरा कारकुनाला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सगळे वर मावतात. हाजींची चिठ्ठी रद्द करा."

"रद्द कशी करू? माप खरं आहे त्यांचं. दुरुस्त करायला काही चूक तर हवी!" कारकून वैतागून म्हणाला. पण तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच तो हाजीकडे बघत नव्हता. "निघालेली चिठ्ठी डब्यात परत जात नाही, बाई. आणि ते आता जे बोलले, ते मला वर कळवावं लागेल. मी ऐकलं ना ते. सगळ्यांनी ऐकलंय."

त्याने वही पुढे केली. हाजीने आपल्या नावापुढे सही केली, सावकाश, पूर्ण नाव, बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट. मग तो आपल्या पातेल्यांकडे गेला आणि ती एकात एक घालायला लागला.

इन्शिराह त्याच्यापाशी गेली. पोटातला गोळा अजून तिथेच होता, फक्त आता तो तिच्या स्वतःसाठी नव्हता, आणि त्यामुळे जास्त जड झाला होता. मी आधी बोलले म्हणून हे झालं, असं तिला म्हणायचं होतं, आणि मी आधीच ओरडले का नाही, असंही.

"हाजी, ते तुम्हाला नेतील का हो?"

"कदाचित. कदाचित कागद कुठेतरी पडून राहील आणि ते मला विसरतील. कचेरीत तसंही होतं." त्याने शेवटचं पातेलं आत बसवलं. त्याचे हात स्थिर होते. "आणि नाही नेलं, तर खाली बसेन. जागा मोठी आहे, एकट्याला."

ती रडायला लागली.

"रडतेस काय, उम्म नाजी? तू वर तोंडाशीच असशील. गिऱ्हाइकांना काय दिसणार आहे मी? कुणी पातेलं विचारत आलं, तर सांगशील ना? खाली पाठवशील?"

"पाठवीन, हाजी," ती म्हणाली. "सगळ्यांना पाठवीन."